गोरक्षण रोडवरचा समुद्र

मी अकोल्याला पोचले तेव्हा होडी जिन्यात अडकली होती.

रिक्षावाल्याला सोडून मी बॅग ओढत इमारतीत शिरले, तर पहिल्याच वळणावर एक लांबलचक लाकडी प्रकार कठडा आणि भिंत यांच्यामध्ये आडवा रुतून बसलेला. वरच्या बाजूला शेजारच्या लोहियाकाकू, हातात देवळात न्यायचं तबक. खालच्या बाजूला शब्बीरभाई सुतार, सदरा घामानं पाठीला चिकटलेला. आणि मधल्या पायरीवर माझे बाबा. बाबा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवर उभं राहून त्यांनी आयुष्यभर गाड्या पुढे-मागे घ्यायला लावल्या. निवृत्त होऊन किती वर्षं झाली तरी हात तसाच हवेत हलत होता.

"येऊ द्या, येऊ द्या. डावीकडे मारा. अजून डावीकडे."

"साहेब, डावीकडे भिंत हाय," शब्बीरभाई म्हणाले.

"मंग मागं घ्या ना बाप्पा थोडं!"

"बाबा, हे काय आहे?" मी खालून विचारलं.

त्यांनी वळून पाहिलं. चेहऱ्यावर आनंद उमटण्याऐवजी चोरी पकडल्यासारखं काहीतरी उमटलं. "काऊन वं ज्योत्स्ना, न सांगता आली?"

"हे काय आहे?"

"होडी."

"अकोल्यात?"

"पुस्तकं ठेवायची होडी हाय. उभी करायची भिंतीले. आत फळ्या मारल्या, पाह्य."

शब्बीरभाईंनी उभ्या जन्मात होडी पाहिली नव्हती. बाबांनी त्यांना मोबाइलवर एक फोटो दाखवला होता आणि त्यांनी त्यांच्या अंदाजानं काम केलं होतं. लांबून ती वस्तू गुरांच्या गव्हाणीसारखी दिसत होती आणि जवळून, सांगायला नको, पण शवपेटीसारखी; लोहियाकाकूंनी तर देवाचं तबक पदराखाली झाकून घेतलं होतं.

मला बोलावून घेतलं होतं ते त्यांनीच. नाशिकला फोन करून म्हणाल्या होत्या, "बेटा, शाळेला सुट्टी लागली असेल तर एकदा येऊन जा. तुझे बाबा काहीतरी वेगळंच करून राहिले." काय ते त्यांना नीट सांगता येईना. आता दिसतच होतं.

कठड्याचा एक गज वाकवून शेवटी होडी सुटली आणि मी तिच्या मागोमाग घरात शिरले.

घर ओळखू येईना. हॉलची मोठी भिंत निळीशार. बाकीच्या पांढऱ्या. आईचे किरमिजी पडदे गायब, त्यांच्या जागी मलमलीसारखं काहीतरी झुळझुळीत. आरशाभोवती सुंभ गुंडाळलेला. टीपॉयवर काचेच्या बरणीत वाळू आणि वाळूत अर्धे पुरलेले शिंपले. टीव्हीच्या वर अख्खं मासेमारीचं जाळं टांगलेलं, आणि त्या जाळ्याला वास येत होता. मे महिन्यातल्या अकोल्यात, बंद हॉलमध्ये, माशांचा वास.

"जाळं कुठलं?"

"काटेपूर्णेच्या धरणावरच्या भोयांकडून आणलं. खरं हाय. वापरलेलं."

"ते कळतंय. आणि वाळू?"

"पूर्णेची. चाळून घेतली."

मी बसायला वळले आणि बसायचं विसरले. खिडकीखाली आईचा दिवाण होता. सागवानी, चारी पायांवर कमळं कोरलेला, तिच्या लग्नात मूर्तिजापूरहून आलेला. आई दर दिवाळीला तो जवसाच्या तेलानं पुसायची. तो आता पांढरा होता. ऑइलपेंटनं, पायांतल्या कमळांसकट.

"बाबा, हा दिवाण रंगवलात?"

"याले कोस्टल स्टाइल म्हणतात," ते म्हणाले. आवाजात मोबाइलवरच्या व्हिडिओतल्या कुणा बाईचा उच्चार होता. "समुद्रकाठची सजावट. तीनच रंग. निळा, पांढरा अन् वाळूचा. गडद लाकूड चालत नाही त्यात."

"कुणाला चालत नाही?"

"स्टाइलले."

"आईचं काचेचं कपाट कुठे आहे?"

त्यांनी शिंपल्यांची बरणी जरा सरकवली. कपाट बाल्कनीत होतं, चादर टाकून. आत तिची वाणाची भांडी, कापसाचं बदक, माझी शाळेतली ढाल, सगळं उन्हात तापत होतं. मी चादर परत टाकली, आत आले आणि म्हणाले, "मी इथे राहणार आहे काही दिवस."

"राह्य ना," बाबा म्हणाले, पण खूश दिसले नाहीत.

ते दिवस आठवले की अजून माझं डोकं दुखतं. पहिल्याच दुपारी बाबांनी साऱ्या खिडक्या उघडल्या. बाहेर पंचेचाळीस डिग्री. अकोल्यात मे महिन्यात दुपारी शहाणा माणूस खिडकीला ओली चादर लावून कूलरपुढे पडतो. पण मोबाइलवरच्या बाईनं सांगितलं होतं की समुद्रकाठच्या घरात हवा खेळती हवी. म्हणून आम्ही दोघं झळांमध्ये बसलो होतो. झुळझुळीत पडदे थेट छतापर्यंत उडत होते आणि रस्त्यावरची धूळ निळ्या भिंतीवर बसत होती.

"बाबा, खिडकी लावा."

"जरा धीर धर. वारा येईल."

"वारा आलाय. भट्टीतून आलाय."

"तुले थंड नाही वाटत? निळ्याकडे पाह्यलं की डोळ्यांले थंड वाटते."

"मला चक्कर येतेय."

त्यांनी निमूटपणे खिडकी लावली आणि शिंपल्यांवरची धूळ दाढीच्या ब्रशनं झटकत बसले. मी विचारलं, "पण हे सगळं कशासाठी?" तर म्हणाले, "सहज. रंग द्यायचाच होता." सत्तरीला टेकलेला माणूस, ज्यानं आयुष्यात घराचा एक खिळा स्वतः ठोकला नाही, जो आईनं पडदे बदलले तरी आठवडाभर ओळखायचा नाही, तो सहज म्हणून धरणावर जाऊन जाळं आणतो? मी भांडले. दिवाणावरून भांडले, कपाटावरून भांडले, जाळ्यावरून तर रोजच. ते उलट उत्तर देत नसत. एखादी गाडी लेट आहे हे माहीत असलेला पण सांगू न शकणारा माणूस जसा उभा राहतो, तसे उभे राहत.

आणि फोन. रोज संध्याकाळी त्यांचा फोन वाजे, ते बाल्कनीत जात आणि दार ओढून घेत. एकदा मी मुद्दाम वाळलेले कपडे काढायच्या निमित्तानं दाराशी गेले.

"हो सिस्टर. घेतली सिस्टर, जेवणानंतर. नाही, चक्कर नाही आली. पाय? पाय बरा हाय."

आत आल्यावर विचारलं, "कोण सिस्टर?"

"दवाखान्यातली."

"कुठल्या दवाखान्यातली? काय झालंय तुम्हाला?"

"काई नाही झालं. तिले सवय हाय विचारायची."

"रोज?"

ते आरशाचा सुंभ सारखा करायला गेले.

त्या संध्याकाळी मी एक एक गोष्ट जोडत गेले. न सांगता रंगवलेलं घर. उन्हात उघड्या खिडक्या. रोज फोन करणारी नर्स. लपवाछपवी. नाशिकला आमच्या शेजारच्या आजोबांचं असंच सुरू झालं होतं. आधी त्यांनी बागेतल्या कुंड्या रंगवल्या, मग घराचा पत्ता विसरायला लागले. माझा वैताग तिथल्या तिथे विझला आणि त्याच्या जागी भीती बसली. सकाळी मी म्हणाले, "बाबा, माझं बीपी दाखवायचंय. डॉक्टर धाबेकरांकडे चला माझ्याबरोबर."

डॉक्टर धाबेकर आमचे जुने डॉक्टर. मी फोनवर त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी माझ्या दंडाला पट्टा लावण्याचं नाटक केलं आणि मग सहज बाबांकडे वळले.

"काका, आज वार कोणता?"

बाबांनी सांगितला. तारीख सांगितली. तिथीही सांगितली.

"बरं, शंभरातून सात वजा करत चला बरं."

"कुठवर?"

"मी थांबवेपर्यंत."

बाबा एस.टी.च्या घोषणा देत असत त्या सुरात सुरू झाले. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. मधेच थांबले. डॉक्टरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या दंडावरच्या पट्ट्याकडे पाहिलं, ज्याच्यात हवाही भरलेली नव्हती.

"डॉक्टरसाहेब, पेशंट कोण हाय?"

डॉक्टरांनी माझ्या दंडाचा पट्टा सोडवला.

"डोक्यावर परिणाम झाला म्हणते का ही?"

"काका, तसं नाही. तिला काळजी वाटते."

"सकाळच्या साऱ्या गाड्या सांगू का फलाटासकट? तेव्हाच्या?"

"नको नको," डॉक्टर हसले आणि मला म्हणाले, "ताई, घर निळं रंगवणं हा आजार नाही. माझ्या मेव्हण्यानं घर जांभळं केलंय, तो अजून वकिली करतो."

बाबा उठले आणि मला न घेता बाहेर पडले.

मी त्यांना रस्त्याच्या पलीकडे गाठलं. ते एका रसवंतीच्या बाकावर बसले होते. त्यांनी दोन ग्लास सांगितले होते, म्हणजे माझ्यासाठीही, पण माझ्याकडे बघत नव्हते. मी शेजारी बसले. ग्लास आले. मी म्हणाले, "मग सांगा ना मला. कोण सिस्टर रोज फोन करते?"

त्यांनी रसाचा एक घोट घेतला.

"सिस्टर उद्या येऊन राह्यली."

"तुम्हाला तपासायला?"

"घर पाहाले."

"घर विकताय तुम्ही?"

"विकत नाही वं." त्यांनी ग्लास बाकावर ठेवला. "राहाले येऊन राह्यली. म्हणजे, पाहून आवडलं तर. मग आम्ही लग्न करू. रजिस्टर."

उसाचा चोथा चरकातून बाहेर पडत होता, त्याच्याकडे मी पाहत राहिले. मागच्या हिवाळ्यात ज्येष्ठ नागरिक मंडळाची कोकणची सहल गेली होती, वेंगुर्ल्याला बाबांचा पाय मुरगळला होता, बाकीची मंडळी पुढे गेली आणि हे मागे राहिले, एवढं मला माहीत होतं. फोनवर मीच ओरडले होते की नीट बघून चालत जा. बाकीचं बाबांनी आता सांगितलं. ते ज्या घरी थांबले होते त्याच्या समोर मीनाक्षी केळुसकर राहत होत्या. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य गेलेलं, लग्न नाही, भावाच्या कुटुंबात राहणाऱ्या. त्यांनी रोज येऊन पायाला पट्टी बांधली. बाबा परत आले, पण पायाची चौकशी चालूच राहिली.

"पायाची चौकशी," मी म्हणाले.

"पायापासून सुरू झाली."

"आणि मला कधी सांगणार होतात?"

"ती येऊन गेल्यावर. आधी ती हो म्हणते का पाहू म्हटलं. तुझ्याशी उगाच भांडण कायले करा?"

"आईला जाऊन चारच वर्षं झालीत, बाबा."

"मले माहीत हाय."

"तिचा दिवाण पांढरा केलात. तिचं कपाट बाल्कनीत टाकलंत. एका बाईसाठी, जिनं तुमच्या पायाला पट्टी बांधली!"

रसवंतीवाल्यानं आमच्याकडे पाहिलं. बाबांचा आवाज खाली गेला. "तुझ्या आईले कोणता रंग आवडे, तुले माहीत हाय का?"

मी किरमिजी म्हणणार होते. पण ते पडदे मामीनं दिलेले होते.

"मलेही नाही माहीत," बाबा म्हणाले. "एवढा संसार झाला. मी स्टँडवर, ती घरात. मी कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही. ती गेल्यावर बसलो विचार करत, तर आठवेच ना. म्हणून म्हटलं ह्या खेपी आधीच सगळं तयार ठेवू. ती बाई जन्मभर समुद्रापाशी राह्यली. ह्या वयात तो सोडून इथं उन्हात येऊन राह्यली, माझ्यासाठी. तिले घरात पाय टाकल्या टाकल्या समुद्र दिसला पाह्यजे."

"तिला विचारलंत? तिला हे हवंय का?"

"विचारलं असतं तर मंग सरप्राइज काय राह्यलं असतं?"

मी कपाळाला हात लावला. रस तसाच राहिला.

संध्याकाळी प्रमोदला, माझ्या नवऱ्याला, फोन केला. तो म्हणाला, "चांगलंच आहे की." मी फोन ठेवून दिला. आपल्या माणसाच्या तोंडून त्या वेळी जे एकच वाक्य ऐकायचं नसतं ते तो नेमकं बोलतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून स्टेशनवर गेले. मी घरीच थांबले. जाळ्यावर मी आदल्या दिवशी गुलाबपाणी शिंपडून पाहिलं होतं, त्यानं वास जास्तच विचित्र झाला होता. मनात ठरवलं होतं की बाईंशी सभ्यपणे वागायचं, पण मदत करायची नाही. होडी, शिंपले, सुंभ, सगळं जसंच्या तसं दिसू द्यायचं. तिचं ती बघेल.

दार उघडलं. बाबांच्या हातात दोन जड पिशव्या होत्या आणि त्यांच्या पुढे एक बुटकी, जाड चष्म्याची बाई उभी होती. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे पाहण्याआधी उंबऱ्यातूनच हात लांब करून भिंतीवर तळवा टेकवला. थोडा वेळ तसाच ठेवला.

"कोरडी आहे," त्या म्हणाल्या. चेहरा असा उजळला की मी चकितच झाले.

मग त्या आत आल्या आणि त्यांना हॉल दिसला.

बाबा भिंतीशी सरकून उभे राहिले. मंत्र्यांची पाहणी असली की स्टँडवर उभे राहत तसे, हात मागे बांधून. मीनाक्षीबाईंनी निळी भिंत पाहिली. बरणीतली वाळू पाहिली. होडीपाशी जाऊन तिच्या फळीवर बोट फिरवलं. जाळ्यापाशी गेल्या, वास घेतला, आणि हसायला लागल्या. आधी तोंडावर पदर धरून, मग पदराशिवाय. हसत हसत त्या दिवाणावर बसल्या, चष्मा काढला, डोळे पुसले आणि पुन्हा जाळ्याकडे पाहून पुन्हा हसल्या.

"अहो, हे काय केलंत? मी ह्याच्यापासूनच पळून येतेय!"

"म्हणजे?" बाबा म्हणाले.

"म्हणजे काय! जन्मभर त्या दमट हवेत राहिले मी. मीठ डब्यात ठेवलं की पाणी. काडी ओढली की ओली. ट्रंकेतल्या साडीला बुरशी, दाराला गंज, पापड वाळवावा तर चिवट. आणि हे गुडघे. पावसाळा आला की रात्रभर ठणका. तुम्ही फोनवर सांगितलंत ना, अकोल्यात सकाळी टाकलेलं कापड चहा होईतो वाळतं? मला त्याच दिवशी वाटलं होतं, चला. आणि तुम्ही माझ्यासाठी समुद्र आणून ठेवलात! आणि जाळं? आमच्याकडे ज्यांचं पोट जाळ्यावर चालतं तेसुद्धा ते घरात घेत नाहीत हो!"

आणि त्या पुन्हा हसल्या.

मला खरं म्हणजे बरं वाटायला हवं होतं. आठवडाभर मी हेच तर म्हणत होते. पण मी बाबांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. त्यांनी मुकाट्यानं स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, जाळ्याखाली ठेवलं आणि चढायला लागले. मुरगळलेला पाय आधी वर टाकला, तो लटपटला, मग दुसरा टाकला. वरचा खिळा निघेना. त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर जाळ्यातली धूळ पडत होती.

"हसायला काय झालं?" मी म्हणाले. माझा आवाज मलाच केवढा तरी मोठा वाटला. "ह्या माणसानं आयुष्यात कधी ब्रश हातात धरला नव्हता. ही भिंत त्यानं स्वतः रंगवलीय, ह्या उन्हात. होडी कशी असते ते ह्या गावात कुणाला माहीत नाही, तरी करवून घेतली. चुकलं असेल. सगळंच चुकलंय, मला दिसत नाही का? पण तुम्ही पाहुण्या आहात. आल्या आल्या हसू नका त्यांना!"

बाबा स्टुलावर तसेच उभे राहिले, हात खिळ्यावर.

मीनाक्षीबाईंनी चष्मा घातला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. पायांपासून डोक्यापर्यंत, पेशंट तपासावा तसं.

"बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "हसायला नको होतं. खाली उतरा हो तुम्ही, पडाल." बाबा उतरले. "पण मला विचारायचं होतं. भाजीत मीठ किती घालू ते फोन करून विचारता. घर रंगवण्याआधी एक शब्द विचारता आला नाही?"

"त्यांनी आईलाही कधी विचारलं नाही," मी म्हणाले. का म्हणाले ते ठाऊक नाही.

"मग तू एवढी वर्षं काय करत होतीस?"

"मी? मी मुलगी आहे त्यांची!"

"तेच म्हणते. बायको कामात असते. बापाला मुलीनं शिकवायचं असतं."

मी काय बोलणार होते देव जाणे. बोलले असते तर त्या तिथूनच परत गेल्या असत्या, किंवा मी तरी. पण बाबा मधेच म्हणाले, "सिस्टर, चहा टाकू का? तुम्हाले साखर किती लागते?"

आम्ही दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं, आणि त्यांनी खरंच विचारलं होतं.

"एक चमचा," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "आलं असेल तर आलं."

"आहे," मी म्हणाले आणि आलं किसायला गेले. किसताना नखही किसलं गेलं, इतका मला त्या बाईचा राग आला होता.

दुपारी त्यांनी विचारलं, बाल्कनीत चादरीखाली काय आहे. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, काच तडकेल उन्हानं, आत घ्या. होडीच्या जागी ते कपाट पुन्हा उभं राहिलं. कापसाचं बदक कुठे ठेवायचं यावरून आमची तिथेच पहिली खडाजंगी झाली. जाळं घराबाहेर गेलं. होडी शब्बीरभाई त्यांच्या मेव्हण्याच्या गोठ्यात घेऊन गेले, आणि तिथे ती फार शोभली असं ऐकलं. निळी भिंत मात्र मीनाक्षीबाईंनी राहू दिली. म्हणाल्या, रंग बरा दिलाय, एवढं कबूल करावं लागेल. दिवाणाचा पांढरा रंग खरवडून काढला, पण कमळांच्या पाकळ्यांत तो राहिला तो राहिलाच.

लग्न झालं. साक्षीदार म्हणून मी सही केली, रागातच केली. त्यानंतर बाबा असे सुधारले की जगणं मुश्कील झालं. प्रत्येक गोष्ट विचारायचे. भेंडी आणू की गवार? पंखा दोनवर की तीनवर? सिस्टर, हा शर्ट घालू का तो? शेवटी एकदा मीनाक्षीबाई माझ्यासमोरच ओरडल्या, "अहो, स्वतःच्या मनानं करा की काहीतरी!" मी हसले, तर मलाही दोन शब्द ऐकवले. दर मे महिन्यात मी जायची, दर मे महिन्यात भांडायची. लोणच्यात मोहरी कमी, कूलरला पाणी कमी, मुलांना जेवायला बोलावण्याची माझी पद्धत चुकीची. परतीच्या गाडीत बसले की मी प्रमोदला अर्धा तास फोनवर गाऱ्हाणी सांगायची. तो म्हणायचा, बरं.

गेल्या वर्षी बाबा गेले. झोपेतच गेले. तेराव्यानंतर मीनाक्षीबाईंचा भाचा वेंगुर्ल्याहून गाडी घेऊन आला, त्यांना न्यायला. माणूस चांगला होता. मी आतल्या खोलीत माझी बॅग भरत होते, दार उघडं होतं, आणि मला वाटलं, हे ठीकच आहे. त्यांचं इथे कोण आहे?

भाच्यालाही तेच वाटत असावं. तो म्हणाला, "आते, चल आता घराक. हंय कोण आसा तुझा?"

त्या म्हणाल्या, "आणि थंय कोण आसा रे? थंय माझ्याशी भांडूक कोण मेळतला माका?"

मग त्या माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. डोळे रडून सुजलेले होते, पण चष्म्याआडून माझ्या बॅगेवर रोखलेले.

"आणि तू गो," त्या म्हणाल्या, "तो हिरवा टॉवेल माझा आहे. काढून ठेव."

टॉवेल माझाच होता. नाशिकहून आणलेला. मी तोंड उघडलं होतं, पण ते मिटलं आणि टॉवेल काढून त्यांच्या हातात दिला.

"मे महिन्यात येशील तेव्हा स्वतःचा आण," त्या म्हणाल्या आणि भाच्यासाठी चहा टाकायला गेल्या.